आंद्रेई सेलिवानोव: ड्यूमातला खासदार आणि पटावरची स्वमात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बुद्धिबळाची कोडी सोडवणाऱ्या आमच्या छोट्या टोळीत या माणसाचं नाव निघालं की नवीन आलेले लोक तेच तेच प्रश्न विचारतात. खासदार होता म्हणजे काय? ग्रँडमास्टर आहे तर मग स्पर्धेत का दिसत नाही? स्वतःवर मात करून घेण्यात कसली आली हुशारी? दर वेळी तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

हे आंद्रेई सेलिवानोव नक्की कोण?

१९६७ साली जन्मलेले रशियन राजकारणी. रशियाच्या तिसऱ्या ड्यूमाचे, म्हणजे १९९९ ते २००३ या काळातल्या संसदेचे ते सदस्य होते. ड्यूमा हे तिथलं कनिष्ठ सभागृह, आपल्या लोकसभेसारखं, एकूण ४५० जागांचं. रशियन बुद्धिबळ महासंघाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. २००३ मध्ये ते पद अलेक्सांद्र झुकोव यांच्याकडे गेलं.

इतकंच असतं तर आम्ही त्यांच्याबद्दल बोलत बसलो नसतो. संघटनांच्या खुर्च्यांवर बसलेले राजकारणी काय, पैशाला पासरी. पण सेलिवानोव स्वतः बुद्धिबळाच्या कूटरचना करतात, आणि हौस म्हणून नव्हे. रचनेतला ग्रँडमास्टर हा किताब त्यांच्याकडे आहे, आणि सेल्फमेट या अवघड प्रकारात जागतिक विजेतेपदही त्यांनी मिळवलंय. ‘उराल्स्की प्रोब्लेमिस्त’ हे १९९० च्या दशकात उराल भागातून सुरू झालेलं कूटरचनांचं नियतकालिकही त्यांच्याच संपादनाखाली नावारूपाला आलं.

ते खासदार होते तेव्हा रशियात काय चाललं होतं?

ही ड्यूमा १९ डिसेंबर १९९९ रोजी निवडली गेली. बाराच दिवसांनी, ३१ डिसेंबरला, बोरिस येल्त्सिन यांनी राजीनामा दिला आणि सूत्रं व्लादिमीर पुतिन यांच्याकडे आली. म्हणजे सभागृह बसलं तेव्हा अख्खा पटच फिरलेला होता.

कूटरचना म्हणजे वर्तमानपत्रात येतं ते ‘दोन खेळीत मात करा’?

हो, त्याच घराण्यातली. माझ्या मामाने रविवारच्या पुरवणीतली अशी कात्रणं बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती. पण वर्तमानपत्रात पुष्कळदा खऱ्या डावातला एखादा क्षण उचलून दिलेला असतो. रचनाकार मात्र कोऱ्या पटापासून सुरुवात करतो. कुठलाही डाव खेळला गेलेला नसतो, कुणी हरलेलं नसतं. एक कल्पना डोक्यात असते आणि ती कमीत कमी सोंगट्यांत, एकाच उत्तरासह पटावर उभी करायची असते.

प्रकार बरेच आहेत. दोन खेळीत मात, तीन खेळीत मात, त्याहून लांब. ‘पांढऱ्याने खेळून जिंकावं’ किंवा ‘बरोबरी करावी’ अशा अंतिम डावासारख्या रचना, त्यांना एट्यूड किंवा स्टडी म्हणतात. हेल्पमेटमध्ये दोघंही मिळून काळ्या राजाला मात घालतात आणि पहिली खेळी काळ्याची असते. ही कल्पना जर्मन लेखक मॅक्स लांगे यांनी १८५४ मध्ये मांडली. मग येते सेलिवानोव यांची खासियत.

सेल्फमेट ही काय भानगड? समोरच्याला जबरदस्तीने आपल्याला मात करायला लावायचं?

अगदी तसंच. मराठीत आम्ही ‘स्वमात’ म्हणतो. पांढरा पहिली खेळी करतो आणि काळ्याकडून स्वतःच्या राजाला मात करून घेतो. काळा काही मदत करत नाही, उलट मात करायची टाळण्यासाठी तो जिवाचं रान करतो. भांडायला आलेल्या माणसाच्या हातात काठी द्यायची, आणि ती मारण्याशिवाय त्याच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवायचा नाही, असा हा प्रकार.

सांगून कळत नाही, म्हणून पट मांडा. (पांढऱ्याच्या बाजूने पाहता उभे स्तंभ डावीकडून ए ते एच, आणि आडव्या रांगा खालून १ ते ८.) मी स्वतः जुळवलेली, अगदी बालवाडीतली एका खेळीची स्वमात:

पांढरा: राजा एच-१, वजीर एच-६, प्यादी जी-२ आणि एच-२.
काळा: राजा ए-१, हत्ती सी-८, प्यादं ए-२.

पांढऱ्याची खेळी. एका खेळीत स्वमात.

नेहमीच्या खेळाडूच्या नजरेने पाहाल तर पांढऱ्याकडे वजीर, काळ्याकडे हत्ती; पांढरा खुशाल जिंकेल. पण इथे जिंकायचं नाहीये. पांढरा वजीर एच-६ वरून तिरका सी-१ वर आणा. काळ्या राजाला शह बसला. आता त्याला कुठे जाता येतंय बघा. बी-१ वर वजिराचा मारा आहे, बी-२ वर पण आहे. ए-२ वर त्याचंच प्यादं अडून बसलंय. मध्ये बी-१ वर काही आडवं घालावं तर हत्ती तिथे पोहोचत नाही. काळ्याला एकच मार्ग उरतो: सी-८ चा हत्ती थेट खाली आणून सी-१ वरचा वजीर मारायचा. आणि तो मारल्या मारल्या पहिल्या रांगेत पांढऱ्या राजाला शह बसतो. जी-२ आणि एच-२ वर स्वतःचीच प्यादी, जी-१ वर हत्तीचा मारा, मध्ये आणायला एकही मोहरं नाही. मात. पांढऱ्याला हवं होतं ते झालं.

आता काळ्याचं ए-२ वरचं प्यादं मनातल्या मनात उचला. लगेच काळा राजा ए-२ वर सटकतो, वजीर मारायची सक्ती संपते आणि रचना कोसळते. पांढऱ्याचं एच-२ चं प्यादं काढलंत तर राजाला तिथून पळवाट मिळते आणि मात होत नाही. पटावर एकही सोंगटी फुकटची नाही. रचनाकाराच्या लेखी हाच पहिला नियम. शोभेला उभं केलेलं प्यादं म्हणजे लग्नात जेवून जाणारा अनोळखी पाहुणा.

मग ही रचना स्पर्धेत पाठवली तर बक्षीस मिळेल?

कुणी हसून परत पाठवेल. कारणं सांगतो, म्हणजे सेलिवानोव यांच्यासारख्यांचं काम किती वरच्या पायरीवरचं आहे ते कळेल.

पहिलं, उत्तराची खेळी म्हणजे सरळसोट शह. जाणकार म्हणतात, पहिली खेळी शांत हवी, शक्य तर उलट्या दिशेची, सोडवणाऱ्याला सगळ्यात शेवटी सुचेल अशी. त्या खेळीला ‘की’ म्हणतात. शहाने कुलूप उघडणं म्हणजे दाराला लाथ मारण्यासारखं.

दुसरं, काळ्याकडे फक्त एकच उत्तर आहे. खऱ्या स्वमातीत काळ्याकडे पाच-सहा बचाव असतात आणि प्रत्येक बचावाला पांढरा वेगळीच सक्ती लादतो. त्या वेगवेगळ्या फाट्यांमध्ये एखादं सूत्र असतं: इथे काळा उंट अडवला जातो, तिथे तोच उंट मोकळा होतो, किंवा दोन फाट्यांत खेळ्या एकमेकींच्या जागा घेतात. ते सूत्र म्हणजे थीम. ती नसेल तर रचना म्हणजे यमक नसलेला पोवाडा.

तिसरं, लांबी. एका खेळीतली स्वमात हा पाढा म्हटला तर पाच-सहा खेळींची स्वमात म्हणजे अख्खं गणिताचं पुस्तक. प्रत्येक खेळीला काळ्याचा प्रत्येक प्रतिसाद आधीच हिशोबात धरायचा. एका जागी जरी काळ्याला मात न करण्याची एखादी वाट सापडली, तर सगळं बाद.

आणि चौथं, सगळ्यात जीवघेणं: ‘कुक’. रचनाकाराने योजलेल्या उत्तराशिवाय दुसरंच उत्तर निघालं तर त्याला कुक म्हणतात. महिनाभर जपलेली रचना कुणीतरी चहा पिता पिता दुसऱ्या खेळीने सोडवून टाकतो. तो चेहरा पाहण्यासारखा असतो. माझा दोनदा झालाय.

रचनेतला ग्रँडमास्टर म्हणजे नेहमीच्या ग्रँडमास्टरपेक्षा वेगळा?

पूर्ण वेगळा. खेळातल्या ग्रँडमास्टरला स्पर्धांमध्ये नॉर्म, म्हणजे ठरावीक दर्जाची कामगिरी केल्याचे शिक्के, मिळवावे लागतात आणि २५०० रेटिंग गाठावं लागतं. रचनेत रेटिंग नाही, समोर प्रतिस्पर्धीही नाही. इथे हिशोब ‘फिडे अल्बम’चा (फिडे म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना). हा अल्बम म्हणजे दर तीन वर्षांच्या काळातल्या जगभरातल्या उत्तम रचनांची निवड. प्रत्येक रचनेला तीन परीक्षक ० ते ४ असे गुण देतात. तिघांची बेरीज ८ झाली तर रचना अल्बममध्ये. अल्बममधल्या एका कोड्याला एक गुण, एट्यूडला १.६७ गुण. असे १२ गुण झाले की फिडे मास्टर, २५ ला आंतरराष्ट्रीय मास्टर, आणि ७० ला ग्रँडमास्टर.

सत्तर म्हणजे किती, याचा अंदाज घ्या. जगातल्या पहिल्या दर्जाच्या सत्तर रचना, त्याही परीक्षकांच्या चाळणीतून उतरलेल्या. यात आयुष्य जातं. १९७२ मध्ये हा किताब पहिल्यांदा दिला गेला तेव्हा फक्त चौघांना मिळाला: आर्मेनियाचे गेनरिख कास्पार्यान, मॉस्कोचे लेव्ह लोशिन्स्की, इंग्लंडचे कॉमिन्स मॅन्सफिल्ड आणि नेदरलँड्सचे एल्ट्जे व्हिसरमन. चारातले दोन सोव्हिएत, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

मग ते विश्वनाथन आनंदला हरवतील का?

नाही हो.

जागतिक विजेतेपद कसलं? रचना करण्याची स्पर्धा कशी भरवतात?

समोरासमोर बसून नाही. रचनाकारांची वैयक्तिक जागतिक स्पर्धा १९९८ ते २००० या काळातल्या रचनांपासून सुरू झाली. ती दर तीन वर्षांच्या टप्प्याने चालते. दोन खेळींची मात, तीन खेळींची, लांब, एट्यूड, हेल्पमेट, सेल्फमेट, आणि विचित्र सोंगट्यांचा ‘फेअरी’ असे वेगवेगळे विभाग असतात. स्पर्धक त्या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या निवडक रचना पाठवतात, परीक्षक गुण देतात. सेलिवानोव यांचं विजेतेपद सेल्फमेट विभागातलं.

सोडवणाऱ्यांची जागतिक स्पर्धा निराळी. ती १९७७ मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियात मालिन्स्का इथे सुरू झाली. तिथे लोक खरोखर परीक्षेच्या हॉलसारखे बसतात: दोन दिवस, सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन कोडी. दोन खेळींच्या तीन कोड्यांना २० मिनिटं, एट्यूडना १०० मिनिटं, आणि तीन सेल्फमेटना ५० मिनिटं. पहिल्यांदा मी घरी घड्याळ लावून सेल्फमेटची जुनी फेरी सोडवायला बसलो, तेव्हा ५० मिनिटांत पहिल्याच कोड्याची अर्धी वाट सापडली होती, तीही चुकीची.

ही सगळी व्यवस्था पाहणारी संस्था पूर्वी फिडेची एक कायम समिती होती. १९५६ मध्ये बुडापेस्टला तिची स्थापना झाली आणि १९५८ मध्ये पिरान इथे रचनांचे नियम ठरले. २०१० पासून ती स्वतंत्र जागतिक महासंघ म्हणून चालते. २००३ मधली तिची वार्षिक सभा मॉस्कोत भरली होती, म्हणजे सेलिवानोव खासदार होते त्याच काळात.

रशियात राजकारण आणि बुद्धिबळ इतकं एकमेकांत गुंतलेलं का?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि उत्तर द्यायला मलाही आवडतं, कारण गोष्ट दोनशे वर्षं जुनी आहे.

१८२४ मध्ये अलेक्सांद्र पेत्रोव या रशियन खेळाडूने एक रचना केली, ‘नेपोलियनची मॉस्कोहून पॅरिसकडे माघार’ म्हणून ती ओळखली जाते. काळा राजा म्हणजे नेपोलियन. पटाचा एक कोपरा मॉस्को, समोरचा कोपरा पॅरिस. पांढऱ्याचे दोन घोडे म्हणजे कोसॅक स्वार. ते त्याला शहामागून शह देत पटभर पळवतात. चौदाव्या खेळीला, पॅरिसच्या कोपऱ्यात, पांढरा राजा एक पाऊल बाजूला होतो आणि त्याच्या मागे दडलेला वजीर मात करतो.

पण खरी गंमत सहाव्या खेळीला आहे. एच-१ ते ए-८ ही लांब तिरकी रेघ म्हणजे बेरेझिना नदी. काळा राजा तिच्या टोकाशी आलेला असताना पांढऱ्याला वजिराने तिथल्या तिथे मात करता येते. पण तो करत नाही, घोडाच पुढे सरकवतो. १८१२ मध्ये बेरेझिनाकाठी रशियन सैन्याने नेपोलियनला निसटू दिलं, त्यावरचा हा टोमणा. आता कूटरचनेच्या काटेकोर नियमांत हा कुकच, कारण सहा खेळींत मात होते आणि रचना चौदा मागते. पण इथे चूक हाच मुद्दा आहे. सरकारी सेनापतीवर टीका करायला पेत्रोवने अग्रलेख लिहिला नाही, एक खेळी न खेळून दाखवली.

पुढे लेनिन. त्यांना बुद्धिबळाचं वेड होतं. १९१० मध्ये भाऊ द्मित्री यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी प्लातोव बंधूंच्या एका एट्यूडचं तोंडभरून कौतुक केलंय. क्रांतीनंतर निकोलाय क्रिलेंको आले. १८८५ चा जन्म, १९१७ मध्ये काही काळ सैन्याचे सरसेनापती, नंतर सरकारी वकील, शेवटी सोव्हिएत संघाचे न्यायमंत्री. १९२४ पासून सगळ्या देशाचं बुद्धिबळ त्यांच्या हातात. १९२५ ची मॉस्कोतली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनीच घडवून आणली. बोगोल्युबोव पहिला, लास्कर दुसरा आणि जगज्जेता कापाब्लांका तिसरा. कारखान्यात, बराकीत, शाळेत पट पोहोचले ते या माणसामुळे. एका देशात इतके रचनाकार का निपजले, याचं अर्धं उत्तर इथे आहे: मासिकांतली कोड्यांची सदरं, स्पर्धा, किताब, सगळ्याला सरकारी पाठबळ होतं.

आणि दुसरं अर्धं?

दुसरं अर्ध अवघड आहे, पण ते सांगितल्याशिवाय रशियन रचनाकार राजकारणात गेला याचं वजन कळत नाही.

लाझार झालकिंड. १८८६ चा जन्म, व्यवसायाने अर्थतज्ज्ञ, आणि त्या काळच्या उत्तम कूटरचनाकारांपैकी एक. मार्च १९३१ मध्ये मॉस्कोत ‘मेन्शेविक खटला’ चालला, चौदा आरोपींचा. (मेन्शेविक म्हणजे सत्ताधारी बोल्शेविकांचा विरोधी समाजवादी गट.) त्या चौदांत झालकिंड होते. समोर सरकारची बाजू मांडायला कोण? निकोलाय क्रिलेंको. देशाच्या बुद्धिबळाचा कारभारी सरकारी वकिलाच्या जागी, आणि देशाचा मोठा रचनाकार आरोपीच्या पिंजऱ्यात. झालकिंड यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगवास आणि छावण्यांतून ते पुन्हा आपल्या आयुष्यात परतू शकले नाहीत. १९४५ मध्ये त्यांचं निधन झालं.

आर्विद कुबेल हे लेनिनग्राडचे खेळाडू आणि रचनाकार, १९३८ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. परदेशी मासिकाला रचना पाठवणं, परदेशी रचनाकाराशी पत्रव्यवहार करणं हेही त्या वर्षांत अंगाशी येऊ शकत होतं. विचार करा, पाकिटात एक आकृती, त्यावर घोडे आणि उंट, खाली ‘तीन खेळीत मात’. आर्विद यांचे धाकटे भाऊ लेओनिद कुबेल, एट्यूडच्या जगातलं फार मोठं नाव, १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात गेले. लेनिनने ज्यांचं कौतुक केलं त्या प्लातोव बंधूंपैकी मिखाईल यांचा शेवट छावणीत झाला.

आणि क्रिलेंको? त्यांनाही १९३८ मध्येच, जुलै महिन्यात, गोळ्या घालण्यात आल्या. ज्या यंत्राचे ते वकील होते त्याच यंत्राने. त्यांना खलनायक ठरवून हात झटकणं सोपं आहे. पण रशियात पट घरोघरी नेणारा माणूसही तोच, हे विसरता येत नाही. मला दोन्ही गोष्टी एकदम सांगाव्या लागतात, आणि दर वेळी सांगताना अडखळायला होतं.

ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवून २००० च्या आसपासचा एक खासदार पाहा, जो मोकळेपणाने जगभर स्वमाती पाठवतो, नियतकालिक चालवतो, परदेशी परीक्षकांकडून गुण घेतो.

त्यांच्या रचनांत राजकारण दिसतं का?

पेत्रोवसारखं नाही. आधुनिक रचनेत गोष्ट सांगायची पद्धत मागे पडलीय. आता आशय पूर्णपणे भूमितीत असतो. लोक मला गमतीने म्हणतात, राजकारणी माणसाने नेमका स्वमातीचाच प्रकार निवडला! विनोद चांगला आहे, पण मला पटत नाही. राजकारणात समोरच्याकडून चूक करवून घ्यायची असते. स्वमातीत समोरचा एकही चूक करत नाही, सर्वोत्तम खेळत राहतो, आणि तरीही त्याला तेच करावं लागतं जे त्याला नको आहे. हे अधिक जवळ जातं ते वकिलाच्या उलटतपासणीला.

बुद्धिबळ संघटनांवर राजकारणीच का बसतात?

रशियापुरतं विचाराल तर यादी लांब आहे. सेलिवानोव यांच्यानंतर आलेले झुकोव २००४ मध्ये देशाचे उपपंतप्रधान झाले. काल्मिकिया या रशियातल्या प्रजासत्ताकाचे माजी अध्यक्ष किर्सान इल्युमझिनोव यांनी १९९५ ते २०१८ अशी तेवीस वर्षं फिडे चालवली आणि आपल्या एलिस्ता शहरात बुद्धिबळाची वस्तीच उभारली. २०१८ मध्ये त्यांच्या जागी आलेले अर्कादी द्वोर्कोविच हेही माजी उपपंतप्रधान. उलट दिशेनेही वाहतूक आहे: अनातोली कार्पोव २०११ पासून ड्यूमात, तर गॅरी कास्पारोव विरोधी राजकारणात उतरले आणि २०१३ मध्ये त्यांनी देश सोडला.

आपण हसू नये. शरद पवार २००५ ते २००८ क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते आणि नंतर आयसीसीचेही. खेळ, पैसा आणि मैदान यांची गाठ जिथे पडते तिथे राजकारणी असतोच. सेलिवानोव यांचं वेगळेपण एवढंच की ज्या खेळाच्या खुर्चीवर ते बसले, त्याच्या सगळ्यात कमी ग्लॅमरच्या कोपऱ्यात ते स्वतः कारागीर आहेत. कूटरचनेत ना तिकीटविक्री, ना टीव्ही, ना बक्षिसाची मोठी रक्कम.

संगणक आल्यावर या कलेत राम उरलाय का?

उरलाय, पण घर बदललंय. रचना तपासायला ‘पॉपाय’ नावाचा प्रोग्रॅम बहुतेक सगळे वापरतात. आकृती टाकली, ‘तीन खेळीत स्वमात’ सांगितलं, की तो सगळी उत्तरं समोर ठेवतो. कुक झाकून राहत नाही. पूर्वी छापून आल्यावर वाचकांच्या पत्रांतून कळायचं, आता पाठवण्याआधीच कळतं.

पण काय दाखवायचं हे प्रोग्रॅम सांगत नाही. त्याला हजार उत्तरं मिळतात, त्यातलं सुंदर कोणतं हे त्याला कळत नाही. लांब स्वमातीत तर तो कधी कधी रात्रभर घुरघुरत बसतो. माझा जुना लॅपटॉप एकदा सहा खेळींच्या स्वमातीवर पहाटेपर्यंत पंखा फिरवत होता. आईला वाटलं मिक्सर चालू राहिलाय.

या सगळ्याचा आपल्याकडे काही संबंध?

आहे, आणि जुना आहे. १८१४ मध्ये मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतातून केलेलं ते भाषांतर, आणि त्यात मुख्यतः पटावरच्या मांडण्या, म्हणजे कोडीच आहेत. पेत्रोवच्या रचनेच्या दहा वर्षं आधी.

मग १८४५. लंडनच्या एका बुद्धिबळ मासिकाला भारतातून ‘शागिर्द’ या टोपणनावाने एक कोडं आलं. ते हेन्री लव्हडे या पाद्र्याचं होतं. त्यातली युक्ती अशी: पांढरा आपलं दूर पल्ल्याचं मोहरं एका घराच्या पलीकडे नेतो, मग दुसरं मोहरं त्या घरावर आणून वाट अडवतो, म्हणजे काळ्याला हलायला जागा मिळते, आणि शेवटी वाट मोकळी करून मात. तेव्हापासून जगभर या युक्तीला ‘इंडियन थीम’ म्हणतात. मॉस्कोतला रचनाकारही तोच शब्द वापरतो.

आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्याद्याने मात करणं मानाचं समजलं जायचं. आजोबा ‘प्यादेमात केली’ असं मिशीला पीळ देऊन सांगायचे. नुसती मात पुरेशी नाही, ती कशी केली यालाही किंमत आहे, ही समज आपल्याकडे होतीच. कूटरचना त्याच समजेवर उभी आहे.

मला स्वमाती सोडवायला सुरुवात करायची आहे. कुठून करू?

खरा पट घ्या, मोबाइल नको. पहिल्यांदा शेवटाकडून विचार करा: पांढऱ्या राजाला काळ्याचं कुठलं मोहरं मात करू शकतं? आपल्या राजाभोवती कोणती घरं आधीच बंद आहेत? मग मागे या: त्या मोहऱ्याला ती खेळी करायला भाग कसं पाडायचं? शहाने, की काळ्याच्या बाकी सगळ्या खेळ्या संपवून? हा दुसरा मार्ग जास्त सुंदर असतो, आणि आपल्यासारख्यांना तोच दिसत नाही. दोन खेळींच्या स्वमातीपासून सुरू करा. एका कोड्याला एक संध्याकाळ गेली तरी चालेल.

तुमच्या कोड्यात वजीर एच-६ लाच का? दुसरीकडे ठेवला तर?

हा प्रश्न शाळेतल्या एका मुलीने विचारला होता, म्हणून यादीत ठेवलाय. त्याच तिरक्या रेघेवर जी-५, एफ-४, ई-३ किंवा डी-२ वर ठेवला तरी उत्तर तेच राहतं. मी एच-६ निवडला, कारण सगळ्यात लांबून येणारी खेळी नजरेतून सुटते. मात्र ई-१ वर ठेवता येणार नाही. तिथून काळ्या राजाला आधीच शह बसलेला असेल, आणि खेळी पांढऱ्याची आहे, म्हणजे अशी स्थिती कुठल्याच डावात येऊ शकत नाही. मग तिने विचारलं, सी-३ वर? तुम्हीच पट मांडून सांगा.